मुक्याने गेलेल्या चार पाट्या

जव्हारच्या घाटाच्या पायथ्याशी गाडीवानाने मला गाडीतून उतरवले. बैल दमले आहेत, माणसांनी चालावे, असे त्याचे म्हणणे. भिवंडीहून निघून तीन दिवस त्या गाडीत हाडे खिळखिळी झाली होती, म्हणून मीही खुशीने उतरलो. तिसऱ्या वळणावर एका सुट्या धोंड्यावर पाय पडला आणि घोटा मुरगळला. उरलेला घाट मी गाडीच्या मागच्या फळीला धरून, एका पायावर उड्या मारीत चढलो. गाडीवान मागे वळून बघत होता आणि हसू दाबत होता. वर पोचल्यावर मात्र गार वारा आला, ऐनाची आणि हिरड्याची झाडे दिसली, आणि टेकडीच्या माथ्यावर पसरलेले संस्थानचे ते टुमदार गाव पाहून माझा राग निवळला.

मी ठाण्यात धान्याच्या एका वखारीत बावीस वर्षे कोठीचे काम पाहतो. माल निघाला म्हणजे पोचला, असे मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. पोते कुठे उतरले, कोणी उतरवले, खाली फळ्या होत्या की ओल, हे मला कळल्याशिवाय जेवण जात नाही. घरचे लोक यावरून माझी थट्टा करतात आणि मी ती करू देतो. या खेपेला माझ्याबरोबर बी होते. मोखाड्याचे दामूशेट हे आमच्या धंद्यातले जुने ओळखीचे. त्यांचे पत्र आले होते की, पोशेऱ्याच्या वरच्या अंगाचा सात घरांचा एक पाडा चैत्रात जळाला, माणसे वाचली, पण कणग्यांबरोबर पेरायचे बी गेले. ठाण्यातल्या चार भल्या माणसांनी बी जमवले, आणि ते पोचवायला वखारीतला सर्वांत काटेकोर माणूस म्हणून मला धाडले.

मुदत थोडी होती. त्या डोंगरात भात आणि नागली (नाचणी) राबात पेरतात. राब म्हणजे पालापाचोळा आणि शेण पसरून भाजलेला रोपांचा वाफा. राब भाजून तयार होते. ज्येष्ठ लागला होता. आठवड्याभरात बी पडले नाही तर सात घरांचे पुढचे वर्ष गेलेच म्हणायचे.

जव्हारात हरिभाऊ वखारवाल्यांकडे उतरलो. त्यांनी नागलीची भाकरी, उडदाचे कालवण आणि करवंदांचे लोणचे वाढले आणि घोट्याला हळद-मीठ बांधले. वाईट बातमी त्यांनी जेवण झाल्यावर सांगितली. गाडीवान पुढे यायला तयार नव्हता. वाडा गावाच्या बाजूला पटकीची (कॉलऱ्याची) कुणकुण होती आणि त्याला घर गाठायचे होते.

"मग माल जाणार कसा?" मी विचारले.

"इकडे जसा जातो तसाच," हरिभाऊ म्हणाले. "गावची माणसे ओझे आपल्या शिवेपर्यंत नेतात. तिथे ठेवून हाळी घालतात. पुढच्या गावची येऊन उचलतात. तुम्ही पाय शेकत बसा. पाट्या परवा सकाळपर्यंत दामूशेटच्या वखारीत असतील."

ही रीत मला मनापासून आवडली. एका माणसाला फार लांब जावे लागत नाही, आणि प्रत्येकाला आपली वाट पाठ असते. फक्त गोणी डोक्यावर नीट बसत नाही, म्हणून मी चार बांबूच्या पाट्या मागवल्या. दोहोंत भात, दोहोंत नागली. मी मूळचा नगरकडचा. आमच्याकडे बियात कडुलिंबाचा पाला घालतात, म्हणजे टोका (धान्यातला किडा) लागत नाही. तो वाळका पाला मी घरून आणलाच होता. तो घातला, एकेक डहाळी वरही खोचली. वाटेत कोणी खायचे धान्य समजून हात घालू नये, म्हणून चारही पाट्यांची तोंडे लाल खारव्याने (जाड्याभरड्या कापडाने) घट्ट शिवून टाकली. पाट्या ओळीत ठेवल्या तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो की हरिभाऊंना बोलावून दाखवल्या. ते जव्हारच्या बाजारपेठेत वाढलेले. त्यांनाही त्या नुसत्या पाट्याच दिसल्या. पहाटे चार हमाल त्या घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी घोट्याची सूज उतरली आणि मी काठी घेऊन निघालो. सोबतीला लहानू नावाचा वाटाड्या होता. नाव लहानू, वय पन्नाशीच्या पुढे, आणि उंची अशी की माझे डोके त्याच्या खांद्याला लागे. पहिला कोसभर तो अखंड बोलत होता. मला 'शेट' म्हणत होता. मी शेट नव्हे, नोकर आहे, असे दोनदा सांगितल्यावरही त्यात फरक पडला नाही.

पहिल्या शिवेवर तो बोलायचा थांबला.

तिथे जांभळाच्या झाडाखाली आमच्या हमालांची पावले उमटलेली होती आणि पाट्या टेकवल्याचे चार गोल ठसे होते. त्यापुढे वाटेवर एकही पाऊल नव्हते. धूळ फांदीने झाडून काढली होती, अगदी नीट, वाटेच्या दोन्ही कडांपर्यंत. मधोमध राखेची एक रेघ ओढलेली आणि कडेला एक फुटके मडके.

"हे काय रे?" मी विचारले.

"गावची माणसा राबात होती," लहानू म्हणाला. "हाळी ऐकली नसल. मागशी आली नि उचलून नेला."

"ते ठीक. पण वाट कोणी झाडली?"

रेघ न तुडवता तो बाजूच्या झुडपांतून पलीकडे गेला आणि मलाही त्याने तिथूनच नेले.

गावात शिरलो तर एकही कुत्रे भुंकले नाही. दारे लावलेली. एक माणूस घराच्या छपरावर बसून पेंढा बसवत होता. मला पाहून त्याचा हात थांबला.

"काल इथून चार पाट्या गेल्या का?"

"गेल्या."

"कधी?"

"गेल्या."

"कोणी नेल्या?"

त्याने हनुवटीने पूर्वेकडे खूण केली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. गाव ओलांडून मी सहज मागे पाहिले. एक म्हातारा हातात ऐनाची फांदी घेऊन आमच्या मागून वाकून चालत होता आणि माझ्या पावलांवरून ती फिरवत होता. मी थांबलो तसा तोही थांबला. मी चाललो तसा तोही चालू लागला. शिवेपाशी आल्यावर तो राखेच्या आत उभा राहिला, आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत तिथेच होता.

पुढच्या गावी विहिरीवर बायका होत्या. मी पाणी मागितले. त्यांनी घडे खाली ठेवले आणि सगळ्या जणी एकदम तोंडे फिरवून उभ्या राहिल्या. एकीने मात्र पाठमोरी राहूनच विचारले, "तू तिच्या मागं चाललास का?"

"मी माझ्या मालामागे चाललोय."

"मंग मागंच ऱ्हा. पुढं नको जास."

दुपारपर्यंत अशी पाच गावे झाली. प्रत्येक शिवेवर झाडलेली धूळ, राख, फुटके मडके. धंद्याच्या हिशेबाने बघायचे तर माझा माल विलक्षण जात होता. कोणत्याही गावात तो घटकाभर टेकला नव्हता. त्याला कोणी हात लावला नव्हता, कोणी उघडून पाहिले नव्हते. मी बावीस वर्षे हमालांच्या मागे ओरडत आलो, पण असा माल जाताना कधी पाहिला नाही. आणि तरी माझ्या अंगावर काटा येत होता. लहानू आता माझ्यापासून वीस पावले मागे चालत होता.

"लहानू, तुला काही कळतंय ते मला सांग."

"वाटेवर बोलायचा नसतो, शेट," तो म्हणाला. मोखाड्यापर्यंत आमचे तेवढेच बोलणे झाले.

मोखाडा इंग्रजी मुलखात. संस्थानची हद्द ओलांडली तरी राखेच्या रेघा काही थांबल्या नाहीत. दामूशेटची वखार पेठेच्या टोकाला. त्यांनी एक कोपरा झाडून, फळ्या टाकून तयार ठेवला होता आणि तो रिकामा होता. ओट्यावर चाळिशीची एक बाई गुडघ्यांना मिठी घालून बसलेली होती.

"ही बुधी," दामूशेट म्हणाले. "जळालेल्या पाड्यावरची. पाच दिवस झाले, बी घेतल्याशिवाय जात नाही म्हणते. पण तुमचा माल इथे आलाच नाही हो. गावाला वळसा घालून कोणी काही नेल्याचे मात्र कानावर आले."

बुधी उठून माझ्यासमोर आली. तिकडची माणसे राजालाही 'तू' म्हणतात. तिने मला तसेच विचारले. "कसा बांधलास तू?"

मला वाटले, बाईला काळजी आहे. मी सविस्तर सांगू लागलो. पाटी, लिंबाची डहाळी, लाल खारवा, घट्ट शिवण. सांगता सांगता माझा आवाज चढला, कारण मला त्या बांधणीचा अभिमान होता. बुधीने दोन्ही हात तोंडावर घेतले. दामूशेट हळूच खाली बसले.

"तू आईला बसवलीस त्यात," बुधी म्हणाली.

तेव्हा मला कळले. आमच्या देशावर पटकी आली की मरीआईचा गाडा करतात आणि ढोल बडवत गावाबाहेर काढतात. एक गाव आपली रोगराई दुसऱ्याच्या शिवेवर सोडते, ते तिसऱ्याच्या. इथेही तेच करतात, पण इथे गाडा नसतो. ती पाटीत बसून, लाल फडके पांघरून आणि लिंब खोचून येते. आणि तिला मुक्याने न्यायचे असते. पहिल्या शिवेवर, आसपास कोणी नसताना झाडाखाली, पटकीच्या दिवसांत चार पाट्या लोकांना दिसल्या. पुढचे सगळे त्यांनी रीतीप्रमाणे केले. 'मोखाड्याला दामूशेटकडे' हा निरोप पहिल्या हमालांजवळच राहिला, कारण त्या ओझ्यापाशी कोणी कोणाशी बोलत नाही.

मला आधी हसू आले आणि लगेच इतकी शरम वाटली की मी खाली बघत उभा राहिलो.

"आता त्या कुठवर जातील?" मी विचारले.

"पुढं गाव नाय तिथवर," बुधी म्हणाली. "माना ठाऊक हाय ती जागा."

लहानू मोखाड्यातच राहिला. दामूशेटकडून चार रिकाम्या गोण्या घेऊन बुधी आणि मी दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. वाटेत तिने घरच्या गोष्टी सांगितल्या. पाड्यावर माणसे कडू कंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून, मग शिजवून खात होती. तिच्या सुनेला दिवस गेले होते. सगळ्या पाड्याने मिळून बुधीला पाठवले होते, कारण ती बोलायला धीट.

पोशेऱ्याच्या पलीकडे रान चढत गेले आणि मग एकदम संपले. पुढे कडा होता. खाली दरी, दरीत गाव नाही, धूर नाही. कड्याच्या अलीकडे एक सपाट कातळ होता आणि त्यावर पाट्या होत्या.

किती होत्या ते मी मोजले नाही, आणि न मोजण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. जुन्या पाट्या तळाशी दबून काळ्या झालेल्या, त्यांवर त्यांच्यापेक्षा नव्या, मग आणखी नव्या. ओळीने लावलेल्या, मध्ये माणूस जाईल एवढी वाट सोडून. बांगड्या, सुपे, लाकडाच्या बोटभर बाहुल्या, सगळे आपापल्या जागी. एका पाटीत कधीकाळी ठेवलेल्या धान्याला पांढरे कोंब फुटून ते तसेच वाळले होते. कोणी काही चोरले नव्हते. आम्ही कुलपे घालतो, पहारे ठेवतो, तरी आमच्या वखारीत इतकी शिस्त नाही. वारा सुटला की त्या शेकडो पाट्यांच्या विणीतून तो आत शिरे आणि बाहेर येई, आणि तो आवाज थेट झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा होता.

सर्वांत पुढे माझ्या चार पाट्या होत्या. शिवण जशीच्या तशी.

मी पुढे झालो आणि एका पाटीला हात घातला. बुधीने माझे मनगट धरले.

"इथला माल परत जात नाय," ती म्हणाली.

"बाई, यात काही नाही. मी स्वतः भरलंय. हे ठाण्याचं बी आहे."

"तू भरला तवा नवता काय. आठ गावांनी वाहिला. आता काय हाय ते तुला काय ठाऊक?"

"मग नको नेऊस."

"न्हेला नाय तं माझ्या सुनेनं काय खावा?" ती खाली बसली. "आन न्हेला, नि पाड्यावर कोन मेला, तं माना भुताळी (चेटकीण) म्हनतील. झाडाला बांधतील. आमच्या मावशीला बांधला होता."

मी म्हणालो, मी येतो, सगळ्यांना सांगतो की चूक माझी. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. माझी कीव होती.

मग ती उठली. खारव्याची शिवण दाताने तोडली, लिंबाच्या डहाळ्या काढून कड्याकडे ठेवल्या. चारही पाट्यांतून एकेक चिमूट बी तळहातावर घेतले. भाताचे दाणे नखाने सोलले.

"पटकी लागली तं दिवसात मारते," ती म्हणाली. "मी खातें. दिवस बुडता मी उभी असलें तं बी न्हेयाचा. नसलें तं तू जा. माना हात नको लावू. सुनेला सांग, बी मिळाला नाय."

तिने तोंडात टाकले आणि सावकाश चावले. मग उरलेले चार दाणे असलेला हात तिने माझ्यापुढे केला. तू भरलेस, तुला खात्री आहे, तर घे, एवढाच त्याचा अर्थ होता.

मला खात्री होती. ते भात मी ठाण्याच्या वखारीत दाताखाली घालून पाहिले होते, जमा झाले त्या दिवशी, नेहमीच्या सवयीने. आणि माझा हात वर आला नाही. मी म्हणालो, "पाय फार ठणकतोय, मी जरा बसतो."

बुधीने ते चार दाणेही स्वतःच खाल्ले आणि ती दूर, पाट्यांच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसली.

तो दिवस मी विसरणार नाही. ऊन चढले, कातळ तापला. ती गुडघ्यांना मिठी घालून बसलेली, मी इकडे. दर थोड्या वेळाने मी हाक मारी, "बुधी!" आणि ती हात वर करी. दुपारी एकदा तिने हात वर केला नाही. मी उठून उभा राहिलो. पाय पुढे पडेना. पाट्यांतला तो श्वास तेवढा ऐकू येत होता. मी पुन्हा ओरडलो, तेव्हा तिने मान वर केली. तिला डुलकी लागली होती. मी तिथेच बसून रडलो, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सूर्य दरीपलीकडच्या डोंगराला टेकला तशी ती उठली. पदर खोचला. आम्ही बी गोण्यांत भरले. पाट्या तिथेच राहू दिल्या, प्रत्येकीत मूठभर बी ठेवून, कारण ती रिकामी पाटी ठेवू देईना. दोन खेपांत आम्ही ओझी पाड्याखालच्या आंब्यापर्यंत नेली. तिची पाठ माझ्या दुप्पट ओझे वाहत होती.

पाड्यावरची माणसे आंब्याखाली आली. एका म्हाताऱ्याने गोणीला हात लावण्यापूर्वी मला विचारले, "कोठून आनला?"

बुधी माझ्याकडे बघत नव्हती. ती गोणीचे तोंड सोडत होती.

"मोखाड्याहून," मी म्हणालो. "दामूशेटच्या वखारीतून. काल संध्याकाळी उतरला."

माल कुठे उतरला याविषयी मी जन्मात तेवढे एकच खोटे बोललो. म्हाताऱ्याने मान हलवली. दुसऱ्या सकाळी राबात बी पडताना मी पाहिले आणि निघालो.

ठाण्यात परतल्यावर सगळ्यांनी विचारले. मी जव्हारची हवा सांगितली, घाटात उड्या मारीत चढलो ते सांगितले, लहानूच्या उंचीवरून सगळ्यांना हसवले. माल पोचला का, असे मालकांनी विचारले, तेव्हा पोचला म्हणालो. बाकीचे आज प्रथमच लिहितो आहे.

दिवाळी होऊन गेल्यावर दामूशेटचा माणूस आला. पाड्यावर सगळी धडधाकट, पीक उभे राहिले, बुधीला नात झाली, असा निरोप होता. बरोबर फडक्यात बांधलेला शेरभर नवा तांदूळ. बुधीने पाठवलेला.

बायकोने तो सकाळीच शिजवला. लाल कणाचा, गोडसर वासाचा भात. मुले पाटावर येऊन बसली. मी म्हणालो, आधी मी एकटा जेवतो, तुम्ही दिवस बुडाल्यावर जेवा. बायको मला वेड लागले आहे अशा नजरेने बघू लागली. असे काय आहे त्या भातात, तिने विचारले.

काही नाही, मी म्हणालो, आणि पहिला घास घेतला. मग ओसरीवर जाऊन, गुडघ्यांना मिठी घालून, संध्याकाळपर्यंत बसून राहिलो.